मुळांपाशी पाणी बदलताना

या. पडवीत बसा.

जमीन ओलसर आहे, म्हणून पाट मांडून ठेवलाय. पाठ भिंतीला टेकली तर टेकू द्या. जांभ्याचा गारवा हळूहळू कापडातून आत येईल. येऊ द्या.

हात मांडीवर ठेवा.

आज एकच गोष्ट बघायची आहे. एक मूळ. पाण्यात सोडलेलं, पांढरं, वीतभर लांब.

घाई नाही.

श्रावण आहे. एक सर आत्ताच येऊन गेली. कौलांच्या कडेवरून पागोळ्या गळतायत. एक थेंब. मग काही नाही. मग दुसरा.

दोन थेंबांच्या मधली जागा ऐका.

खाली दाभोळची खाडी आहे. पलीकडे धोपावे. फेरीबोट पाण्यात कुठेतरी मधेच असेल. तिचं इंजिन आधी ऐकू येतं, ती नंतर दिसते. माडांच्या फटीतून जुन्या शाही मशिदीचा घुमट दिसतो. भिजून काळा झालेला.

हे सगळं आपापल्या जागी असू द्या.

श्वास आत. श्वास बाहेर.

*

आपल्यासमोर एक खोका आहे.

थर्माकोलचा. बंदरावर बर्फात मासळी भरायला वापरतात, तोच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत. त्या दिवसांत असे खोके भिंतीशी उपडे पडून असतात. त्यातलाच हा एक. तीनदा घासला तेव्हा कुठे बांगड्याचा वास गेला. आतून काळं प्लास्टिक लावलंय.

झाकणाला चार भोकं. प्रत्येक भोकात एक जाळीदार पेला. पेल्यात सोडणाचा भुसा. भुशात मिरचीचं एकेक रोप.

माती नाही.

आईने पहिल्या दिवशी विचारलं होतं, “अगं, दारात एवढी माती पडलीय, आणि तू पाण्यात मिरच्या लावतेस?”

माती आहे खरी. लाल, जांभ्याची. पण पावसाळ्यात तिच्यातून मर येते. सकाळी उभं असलेलं हिरवंगार रोप दुपारी मान टाकतं आणि परत उठत नाही. दोन पावसाळे मी तशी रोपं उपटली.

म्हणून पाणी.

ही तक्रार नाही. नुसती हकीकत आहे. ती सांगितली, आता सोडून देऊ.

झाकण अजून उघडू नका.

आधी आवाज ऐका. खोक्यातून बारीक बुडबुड येतेय. मासे पाळायच्या टाकीला असतो तसला छोटा पंप आहे. तो पाण्यात हवा सोडतो. मुळांनाही श्वास लागतो. पाण्यात बुडालेल्या मुळाला पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवरच जगायचं असतं.

बुडबुड. बुडबुड.

तुमचा श्वास तिच्याशी जुळवायला जाऊ नका. तिचा वेग तिचा. तुमचा तुमचा.

*

आता झाकण उचलू. एका बाजूने, हळू. पूर्ण नाही, चार बोटं.

आत अंधार आहे.

मुळांना अंधारच लागतो. उजेड शिरला की पाण्यात शेवाळ धरतं, आणि खताचा पहिला घास तेच घेतं. काळं प्लास्टिक म्हणूनच लावलंय.

इथल्या चंडिका देवीच्या गुहेत तुम्ही कधी गेला असाल. वाकून आत शिरावं लागतं. बाहेरचा उजेड मागे राहतो. पुढे तेलाच्या दिव्याची ज्योत असते. पहिल्या क्षणी काहीच दिसत नाही. मग भिंत दिसते. मग देवी.

इथेही तसंच करा. डोळ्यांना वेळ द्या.

थांबा.

आता दिसेल. आधी नुसता पांढुरका धूर वाटेल. मग त्याचे धागे सुटे होतील. मग एक धागा वेगळा होईल. जाडसर, खाली उतरलेला, टोकाशी किंचित वळलेला.

हेच आपलं मूळ.

बघा. बुडबुडा जवळून गेला की ते हलतं, पुन्हा जागेवर येतं. ते काही धरून नाही. त्याला मातीसारखा आधार नाही. ते नुसतं पाण्यात आहे.

टोकाच्या जरा वर बारीक लव दिसते का? नसेल दिसत तर असू द्या.

हात मांडीवर आहेत ना?

असू द्या.

*

आता पाण्याकडे बघा.

स्वच्छ दिसतंय. अगदी विहिरीतून काढल्यासारखं. ओंजळीत घेतलंत तर काहीच वेगळं वाटणार नाही.

पण ते रिकामं नाही.

त्यात नत्र आहे. स्फुरद आहे. पालाश आहे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक. चिमटीतही धरता येणार नाही इतकं कमी लोह, जस्त, बोरॉन. कृषी सेवा केंद्रात गेलात की या पुड्यांना आकड्यांची नावं असतात. तेरा-शून्य-पंचेचाळीस. शून्य-बावन्न-चौतीस. नत्र, स्फुरद, पालाश, याच क्रमाने. दुकानदार घराच्या पत्त्यासारखी ही नावं उच्चारतो.

पुडीत असताना ते पांढरे खडे असतात. पाण्यात पडले की दिसेनासे होतात.

दिसेनासे होतात, पण असतात.

या वाक्यापाशी एक श्वास थांबा.

मातीशिवाय रोप वाढवायची ही रीत आपल्या देशात तशी जुनी आहे. १९४६च्या सुमारास शोल्टो डग्लस नावाच्या गृहस्थाने दार्जिलिंगच्या डोंगरात, कालिम्पाँगला, हे प्रयोग सुरू केले. महागडी यंत्रं नसलेल्या साध्या घरांनाही जमेल अशी पद्धत तो शोधत होता. १९५१ साली त्याने तिच्यावर पुस्तक लिहिलं. पुस्तकाच्या नावातच बंगाल आहे.

तिथेही पाऊस. इथेही पाऊस.

तिथेही कुणीतरी असंच झाकण उचलून आत बघितलं असेल.

*

आता नजर वर आणा. मुळापासून खोडाकडे. खोडापासून फांदीकडे.

सावकाश. पायरी पायरीने.

फांदी जिथे दुभंगते, तिथे थांबा. त्या बेचक्यात काहीतरी आहे. हिरवंच. ज्वारीच्या दाण्याएवढं. खाली वाकलेलं.

कळी.

काल नव्हती. किंवा असेल, आपण बघितली नव्हती.

मेच्या शेवटी बी टाकलं. जुलैच्या सुरुवातीला रोपं खोक्यात आली. तेव्हापासून त्यांनी एकच काम केलं. पानं काढली. पानांना नत्र लागतं, ते पाण्यात होतं. पानावर पान येत गेलं.

आता रोपाचं मन दुसरीकडे वळलंय.

कळीला वेगळं हवं असतं. नत्र थोडं कमी. पालाश अधिक. स्फुरद हवं, कॅल्शियम तर हवंच. नत्राचा हात सैल ठेवला तर झाड पानांतच रमतं. हिरवंगार दिसतं, आणि मिरची धरत नाही.

म्हणजे पाणी बदलायला हवं.

हे वाक्य मनात आलं की बघा, अंगात काय होतं. हात उचलायला बघतो. पाठ भिंतीपासून सुटते. श्वास वरवर होतो.

बदलायचं आहे ना, मग उठू, करू, संपवू.

ही घाई येऊ द्या. तिला नावं ठेवू नका. ती येते तशी जातेसुद्धा.

हात मांडीवर.

*

आता नजर आणखी लांब न्या. माडांच्या पलीकडे. खाडीवर.

तिथलं पाणी बघा.

वाशिष्ठी सह्याद्रीतून निघते, चिपळूणवरून येते. वाटेत खेडकडची जगबुडी तिला मिळते. आणि इथे, दाभोळला, ती समुद्रात शिरते. नदीचं पाणी गोडं. समुद्राचं खारं. मग इथलं कसं?

दोन्ही नाही. दोन्ही.

भरती आली की खारं पाणी खालून, तळाशी धरून आत सरकतं. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगत बाहेर जातं. साधारण सहा तास. मग ओहोटी. मग पुन्हा. दुसऱ्या दिवशीची भरती पाऊण-एक तास उशिरा येते. आत्ता पावसाळ्यात नदीचा जोर आहे, गोडं पाणी पार तोंडापर्यंत येतं. चैत्र-वैशाखात खारं पाणी आत खोल जातं, आणि काठाजवळच्या विहिरी मचूळ होतात.

इथे रेघ नाही. इथवर गोडं, इथून खारं, अशी खूण पाण्यावर कुणी मारलेली नाही.

आणि या पाण्यात अजून एक पाणी आहे. कोयनेचं. कोयना पूर्वेकडे जाणारी नदी. तिने कृष्णेला मिळावं आणि बंगालच्या उपसागरात जावं, हा तिचा मूळचा रस्ता. १९६०च्या दशकापासून तिचं बरंचसं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं, पोफळीकडे वीज करतं, वाशिष्ठीत येतं आणि दाभोळच्या तोंडाशी समुद्राला मिळतं.

अर्ध्या वाटेवर दिशा बदललेलं पाणी. तुमच्या समोरून चाललंय.

आवाज करतंय का?

ऐका.

काठाला कांदळवन आहे. त्यातला तिवर ओळखीचा. त्याची मुळं दिवसातून दोनदा बदलत्या पाण्यात उभी. तिवराच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावलं, तर खारट लागतं. नको असलेलं मीठ तो पानांतून बाहेर टाकतो. कित्येक पिढ्यांनी त्याला ते शिकवलंय.

आपल्या मिरचीला कुणी शिकवलेलं नाही.

म्हणून तिच्यासाठी आपणच खाडी व्हायचं. हळू. रेघ न मारता.

श्वास आत. भरती.

श्वास बाहेर. ओहोटी.

पुन्हा.

*

मागच्या वर्षीचं सांगते.

तेव्हाही श्रावण होता. चार दिवसांच्या झडीनंतर उघडीप मिळाली. लख्ख ऊन पडलं. मी उत्साहात सगळं पाणी एकदम काढलं आणि फुलोऱ्याचं नवं पाणी भरपूर खत घालून एकदम ओतलं. दुपारचे बारा वाजले होते.

चार वाजता चारही रोपांनी माना टाकल्या.

मुळं पाण्यात होती. गळ्यापर्यंत पाण्यात. तरी रोपं तहानलेली.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की काय होतं, आठवा. थोड्या वेळाने पातेल्यात पाणी सुटतं. मीठ बाहेर जास्त असलं की आतलं पाणी बाहेर येतं. मुळाचंही तेच. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा दाट झालं, की मूळ पिऊ शकत नाही. दुपारच्या उन्हात वर पानं पाणी मागत असतात, आणि खाली दार बंद.

त्या दिवशी माझ्या हातांना थांबता आलं नव्हतं. एवढंच.

तो दिवस समोर येऊ द्या. माझा नाही, तुमचा. कुणाला तरी चांगलंच द्यायला गेलात, आणि एकदम दिलंत. चांगलंच होतं ते. पण दाट होतं.

त्या आठवणीशेजारी थोडं बसा. तिला बदलायचं नाही. नुसतं बसायचं.

पागोळी ऐका.

एक थेंब.

मग दुसरा.

*

आता आपण पाणी बदलू. बसल्या बसल्या, मनाने.

वेळ हीच. दिवेलागणीची. ऊन गेलंय. पानांची तहान उतरलीय. मुळांवर ओढ नाही.

शेजारी एक बादली आहे. तिच्यात पागोळ्यांचं पाणी. कालपासून इथेच ठेवलंय. का, ते बोट बुडवून बघा. खोक्यातल्या पाण्यात एक बोट, बादलीतल्या पाण्यात एक बोट. गारवा सारखाच लागतो. मुळाला थंडीचा दचका बसू नये, एवढ्यासाठी ती रात्रभर इथे थांबलीय.

पागोळ्यांच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. कोऱ्या पाटीसारखं असतं ते.

आता खत. आधी कॅल्शियम नायट्रेट, एका वाटीत, एकटं. ते बादलीत ओता. ढवळा. थांबा. मग दुसऱ्या वाटीतलं बाकीचं.

दोन वाट्या का?

कारण एकदा मी एकाच मगात थोड्या पाण्यात दोन्ही कालवलं होतं. डोळ्यांदेखत मगात दूध फाटावं तसं झालं. पांढरा चोथा खाली बसला. कॅल्शियमने स्फुरदाला आणि गंधकाला घट्ट धरलं, आणि सगळ्यांचा मिळून खडू झाला. तो मुळाला पिता येत नाही.

दोघंही चांगले. पण दाट असताना भेटले तर दगड होतात. भरपूर पाण्यात भेटले, तर शेजारी शेजारी निवांत राहतात.

मधे पाणी हवं.

हे वाक्य खताचं आहे. तुम्हाला दुसऱ्या कशाचं वाटलं तर वाटू द्या.

ढवळा. काठीला पाण्याची लय सापडेपर्यंत.

आता मीटर बुडवा. आकडे हलतात, मग थांबतात. ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा दाटपणा, १.८. खोक्यात आत्ता १.४ आहे. सामू सहाच्या आसपास. साडेपाच ते साडेसहाच्या मधे असला की मुळाला सगळी दारं उघडी असतात.

आकडा वाचा. आणि सोडून द्या.

आता खोक्यातलं अर्धं पाणी काढू. मगाने. एक मग. दुसरा मग. हे पाणी फेकायचं नाही. माडाच्या आळ्यात जाईल. दोन महिने मिरचीने प्यायलेलं पाणी, उरलेलं माड पिईल.

अर्धंच. सगळं नाही.

बघा, पाणी खाली गेलं तशी मुळं लोंबतायत. ओली, चिकटलेली, केस धुतल्यावर दिसतात तशी. हवेत आली म्हणून घाबरू नका. वरची मुळं दमट हवेत राहायला शिकलेली असतात.

आता नवं पाणी. खोक्याच्या कडेने, मुळांवर न पडता.

धार बारीक ठेवा.

आणखी बारीक.

नव्या पाण्याची धार जुन्या पाण्यात शिरताना नीट बघा. एक क्षण काचेसारखी लहर दिसते. साखर विरघळताना दिसते तशी. दोन पाणी एकमेकांना चाचपतात.

मग लहर नाही.

मग नुसतं पाणी.

मुळं पुन्हा तरंगली. सुटी झाली. धूर झाली.

उरलेलं अर्धं तीन दिवसांनी. आज एवढंच.

झाकण टेकवा.

हात मांडीवर.

*

आणि आता दिवे गेले.

श्रावणातली दाभोळची संध्याकाळ, एवढं चालायचंच. घरातून आईचा आवाज येतो, “मेणबत्ती कुठे ठेवलीस गं?” मग काडी ओढल्याचा आवाज. मग शांत.

पंप थांबलाय.

बुडबुड नाही.

इतका वेळ ती होती, हे ती गेल्यावर कळतं.

मूळ काही वेळ निभावून नेईल. पाण्यात थोडी हवा आहे. झाकणाखाली थोडी हवा आहे. सगळं लगेच संपत नाही.

तुम्हीही एक श्वास बाहेर सोडा, आणि पुढचा घेण्याआधी जरा थांबा. ओढून नाही. जेवढं आपसूक होईल तेवढंच.

त्या थांबण्यात काय ऐकू येतं?

बेडूक.

लांबवर लाटेची गाज.

तुमच्या कानांतलं तुमचंच रक्त.

*

पानाकडे बघा. अंधारात नीट दिसत नसेल, तर बोटाच्या पाठीने हलकेच स्पर्श करा.

मूळ पितं, असं आपण म्हणतो. पण त्याला प्यायला लावतं ते पान. पानाच्या खालच्या बाजूला डोळ्याला न दिसणारी हजारो तोंडं आहेत. त्यांतून पान वाफ सोडतं. वर वाफ सुटते, म्हणून खाली पाणी ओढलं जातं. वरचा उच्छ्वास हाच खालचा घोट.

आणि श्रावणातली ही हवा? ती आधीच भरलेली आहे. दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत, अशी. तिच्यात पानाला श्वास सोडायला जागा नाही.

मग कॅल्शियम पाण्यात असून वर पोचत नाही. ते पाण्याच्या ओढीबरोबरच चढतं. कोवळ्या पानाच्या कडा आक्रसतात, पुढे मिरचीचं टोक काळं पडतं. बघणाऱ्याला वाटतं, कमी पडलं. तो आणखी घालतो.

कमी नव्हतं. वाट बंद होती.

अशा वेळी खत घालायचं नसतं. पडवीला पावसासाठी लावलेल्या ताडपत्रीचं एक टोक सोडायचं. एवढंच. वारा जरासा आत येतो. पानं हलतात. वाफ सुटते. खाली, अंधारात, मूळ एक घोट घेतं.

ताडपत्रीचं टोक मी सोडते. तुम्ही बसा.

आला वारा?

तो तुमच्या मानेवरूनही गेला.

श्वास बाहेर सोडा. लांब. पान सोडतं तसा.

आत घ्यायची चिंता करू नका. तो आपण होऊन येतो.

*

दिवे आले. पंप सुरू झाला.

बुडबुड.

आता आपण आठ दिवस इथेच बसू. मनाने.

पहिला दिवस. काही नाही.

दुसरा दिवस. काही नाही. खालचं एक पान पिवळं आहे, ते पिवळंच. मन तिथे जाईल. बदल केला, मग हे अजून असंच का? जाऊ द्या मनाला, मग हलकेच परत आणा. पिवळं पडलेलं पान सहसा परत हिरवं होत नाही. त्याच्यातलं नत्र झाडाने कधीच काढून वरच्या पानांना दिलंय. त्याचं काम झालंय.

जुन्या पानाला नव्या पाण्याबद्दल विचारू नका.

तिसरा दिवस. उरलेलं अर्धं पाणी बदललं. संध्याकाळी. बारीक धारेने.

चौथा. पाऊस. दिवसभर पाऊस.

पाचवा. हात पुन्हा शिवशिवतो. थोडं आणखी पालाश? थोडं काहीतरी? दिसलं ना ते? छान. दिसलं की पुरे.

सहावा. शेंड्याकडे बघा. दोन पानं उलगडतायत, नखाएवढी. कडा सरळ आहेत. रंग पोपटी, मधली शीर स्वच्छ. बदललेलं पाणी मुळाने कसं मानून घेतलं, ते इथे लिहिलंय. कालच्या पानावर नाही. या, नुकत्याच उघडलेल्या पानावर.

वाचा. पुन्हा वाचा.

सातवा. कळीचं टोक पांढरं.

आठवा.

*

आठव्या दिवसाची सकाळ. सर थांबलीय. उघडीप.

वाका. मिरचीचं फूल बघायला वाकावंच लागतं.

ते वर बघत नाही. आकाशाकडे नाही, तुमच्याकडेही नाही. पांढऱ्या पाकळ्या उघडून ते खाली बघतं. झाकणाकडे. ज्याच्या खाली अंधार आहे, अंधारात पाणी आहे, पाण्यात मूळ आहे, तिकडे.

त्याच्या पातळीवर या. गाल जवळजवळ झाकणाला लागेल.

थांबा इथे.

वर फूल. खाली बुडबुड. मधे तुम्ही.

श्वास आत.

श्वास बाहेर.

पडवीत मधमाश्या क्वचित येतात. पावसात तर नाहीच. फुलाच्या आत सगळं आहे, परागही, कुक्षीही. एवढंसं अंतर आहे दोघांत. पण वारा पडलाय.

इतका वेळ तुमचे हात मांडीवर होते.

आता एक उचला.

बोटाच्या टोकाने देठाला हलकेच टिचकी द्या. एकदाच. पाण्यावरची लहर पुसावी इतकी हलकी.

फूल हललं. थांबलं.

हात परत मांडीवर ठेवा.

खाडीवर फेरीबोटीचं इंजिन ऐकू येतंय. ती अजून दिसत नाही.